पुरेसे गुण

शिकागो

चि. सानिका,

पिनबॉल लीगच्या अंतिम फेरीत तुझं नाव लागल्याचं ताईकडून कळलं. बायकांची 'बेल्स अँड चाइम्स' ही पिनबॉल लीग २०१३ साली तुमच्या ओकलंडातच सुरू झाली आणि तिथून इतर शहरांत पसरली, तेव्हा तुझं गाव या खेळात नवखं नाही. ताईला मात्र अजून वाटतं, पिनबॉल म्हणजे विंडोज एक्सपीवर 'झेड' आणि तिरक्या रेघेचं बटण बडवत बसायचं. तिला बोल लावू नकोस. पुण्या-मुंबईच्या एका अख्ख्या पिढीनं पिनबॉल तेवढाच पाहिला, आणि त्यात टेबलाला धक्का द्यायचीही बटणं होती हे कित्येकांना कधी कळलंच नाही.

तुला ते सांगायला नको. मामाचं सांगणं त्याच्या पुढचं आहे.

हंगामभर खेळाडूचा हात बसतो. अंतिम फेरीत त्याला हिशेब लागतो. चौघांचा गट, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक डावाला पहिल्यास ४, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १ आणि चौथ्यास ० अशी पद्धत. 'ॲटॅक फ्रॉम मार्स' या १९९५ च्या मशीनवर आकडे अब्जांत जातात, साठच्या दशकातल्या मशीनवर हजारांतच राहतात; गुणतक्त्याला दोन्ही सारखेच. एक अब्जानं जिंकलेल्याला ४ आणि दहा गुणांनी जिंकलेल्यालाही ४. तीन डावांतून दोघं पुढे जाणार असतील, तर पहिले दोन डाव जिंकलेला तिसऱ्यात शेवटचा आला तरी बाहेर पडत नाही. तिन्ही डावांत दुसरा आलेल्याचे ६ होतात, एक जिंकून दोनदा शेवटचा आलेल्याचे ४. हे गणित मशीनसमोर उभं राहून सुचत नाही. नियम लीगगणिक बदलतात, म्हणून तुमच्या लीगचा कागद आदल्या रात्री वाचून ठेव आणि बेरजा मांडून बघ.

क्रमवारीत वरच्या खेळाडूला बहुधा मशीन किंवा खेळायचा क्रम निवडता येतो. शक्यतो शेवटचा क्रम घ्यावा. चौथ्या खेळाडूला तिसऱ्या बॉलच्या वेळी बाकी तिघांचे आकडे समोर दिसतात. त्यांना ओलांडलं की डाव संपला, मग मशीनपासून सरळ दूर व्हावं. मशीन निवडताना थोडा निर्दयपणा हवा. समोरचे तिघं सरस असतील, तर बॉल झटपट गिळणारं खडूस मशीन निवडावं. डाव छोटा, तेवढी त्यांची सरशी कमी. आपण सरस असू तर लांबणारं मशीन. लोक हटकून उलटं करतात आणि आवडतं मशीन निवडतात.

आवडत्या मशीनच्या भरवशावर राहू नये, हे रॉजर शार्प या खेळाडूला फार मोठ्या परीक्षेत कळलं. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत, १९४२ साली, जुगार म्हणून पिनबॉलवर बंदी आली आणि पोलिसांनी मशिनं घणांनी फोडली. (शिकागोतच ही मशिनं बनत, आणि इथेही बंदी होती!) १९७६ मध्ये नगर परिषदेच्या सदस्यांसमोर शार्पला दाखवायचं होतं की हा नशिबाचा खेळ नाही. दोन मशिनं आणली होती. पहिल्यात काही लबाडी असेल या संशयानं राखीव मशीनवर खेळायला सांगितलं गेलं. तो खेळला, आणि शेवटी बॉल सोडायचा दांडा, म्हणजे प्लंजर, ओढण्याआधी त्यानं सांगून टाकलं की बॉल वरच्या मधल्या वाटेनं जाईल. गेला. बंदी उठली. पुढे शार्पनं हसत कबूल केलं की त्या क्षणी नशिबानंही हात दिला होता. त्याची मुलं जॉश आणि झॅक आज नावाजलेले खेळाडू आहेत आणि जागतिक क्रमवारी ठेवणारी संघटना चालवतात. तुमच्या फेरीतही एखादं मशीन मध्येच बंद पडेल आणि दुसरं समोर येईल. तेव्हा चेहरा पाडू नकोस.

आता धक्क्याविषयी. बॉल परतवणारे फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर. त्याआधी खेळाडूच्या हातात प्लंजर आणि धक्का एवढंच होतं, आणि लोक मशीन इतकं हलवत की हॅरी विल्यम्सनं तीसच्या दशकात टिल्टची युक्ती काढली. आज आत एक लोलक टांगलेला असतो. तो भोवतीच्या कडीला टेकला की आधी ताकीद, मग टिल्ट. टिल्ट झाला की बॉल जातो आणि बॉलअखेर मिळणारा बोनसही बुडतो. जुन्या मशिनांवर हा बोनसच डाव फिरवतो. म्हणून शेवटच्या बॉलवर आधी बोनस बघायचा: तेवढ्यानं पुढे जाणार असू, तर ऐंशी ग्रॅमची ती पोलादी गोळी निघून जाताना दिसली तरी हात आवरायचे. हे फार कठीण आहे. चांगले चांगले खेळाडू इथेच फसतात.

फ्लिपरचंही तेच. नवखा खेळाडू बॉल जवळ आला की बटण दाबतो. मुरलेला ते दाबत नाही, बॉल स्थिर फ्लिपरवर आपटून पलीकडच्या फ्लिपरवर जाऊ देतो, तिथे अडवतो आणि मग नेम धरतो. कीथ एल्विन हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, पुढे तो इथल्या स्टर्न कंपनीत मशिनं रचू लागला. 'आयर्न मेडन' (२०१८) आणि 'गॉडझिला' (२०२१) त्याचीच. त्याच्या खेळाचं चित्रण मिळालं तर बॉल बघू नकोस, बॉल थांबवल्यानंतरचा वेळ बघ.

काही बारीक गोष्टी. आपली पाळी नसताना बॉल खेळला तर बहुतेक ठिकाणी त्या डावाचे शून्य गुण. पडद्यावर खेळाडू क्रमांक बघितल्याशिवाय प्लंजरला हात लावायचा नाही. आणि बॉल अडकला तर स्वतः मशीन हलवायचं नाही, पंचांना हाक मारायची. इतर खेळत असताना फोनमध्ये डोकं घालू नकोस. टिल्ट किती हळवा आहे आणि कोणत्या बाजूची आउटलेन, म्हणजे कडेची वाट, बॉल जास्त खाते, हे त्यांच्या डावात फुकट कळतं.

निकाल लागला की आधी आईला फोन कर, मग इकडे. नुसता क्रमांक सांगू नकोस. शेवटच्या बॉलला किती गुण हवे होते आणि कोणतं मशीन निवडलंस, तेही सांग.

तुझा,
मामा