आधी लय, मग ठेका

ढोलकीवाले आबा आमच्या मागल्या खोलीत कहरव्याची दोन आवर्तने वाजवून, चहा घेऊन, गावाकडची गाडी गाठण्यासाठी निघून गेले, आणि ते गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेनासे झाल्यावर माझ्या ध्यानात आले की त्यांच्या वाजवण्याची लय मी मोजलीच नव्हती. हार्मोनियमच्या साथीत उमर घालवलेल्या माणसाच्या हातून असा प्रमाद घडावा, याची मला आजही शरम वाटते. परंतु जुन्या बाजारातून आणलेले अकाईचे एमपीसी २००० एक्सएल हे सॅम्पलर घरात नुकतेच आले होते, आणि यंत्र आहे म्हणजे लयीची चिंता तेच वाहील, अशा भाबड्या समजुतीत मी होतो.

पडद्यावर त्या वेळी ९२ चा आकडा होता, म्हणजे मिनिटाला ९२ मात्रा. जिच्या लावणीसाठी हा ठेका हवा होता, त्या गायिकेची चाल त्याच लयीत बसवलेली होती. आबांनी मात्र आपल्या सोळा मात्रा बरोबर दहा सेकंदांत भरल्या. मात्रांच्या संख्येस साठाने गुणून सेकंदांनी भागावे, इतका सोपा हा हिशेब मी तेव्हा केला असता, तर ९६ हे उत्तर आबांच्या समक्षच हाती आले असते आणि ठेका पुन्हा वाजवून घेता आला असता. ९२ च्या लयीत सोळा मात्रांना १०.४३ सेकंद लागतात. सबब दर दोन आवर्तनांच्या शेवटी जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडू लागला, आणि ढोलकीवाला समेवर येण्यापूर्वी तंबाखू मळायला थांबतो की काय, असा भास होऊ लागला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या यंत्राच्या दप्तरात दोन जातींच्या नोंदी असतात: कोणते पॅड कधी व किती जोराने दाबले ही एक, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित आवाज ही दुसरी. लय बदलली की पहिल्या जातीची नोंद बिनतक्रार ताणते वा आखडते; दुसरीस मात्र लयीचा हुकूम लागू नाही, ती आपल्या दहा सेकंदांतच संपते. तिला लांबवण्याची एक वाट म्हणजे स्वर उतरवणे, आणि ती मुभाही मी घेऊन पाहिली. ९६ वरून ९२ वर येण्यास सुमारे पाऊण अर्धस्वर खाली जावे लागते. काळी चारला लावलेली ती ढोलकी तेवढी उतरताच गायिका पहिल्याच ओळीला थांबली आणि म्हणाली, “काका, ढोलकी उतरलीय.” (१९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरची स्मृती जेमतेम दहा सेकंदांची असल्याने अमेरिकेतील हिप-हॉपवाले ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून भरीत आणि मग स्वर उतरवीत, त्यांना तो खरखरीत आवाज हवाच होता, लावणीच्या गायिकेला नको होता.) अखेर ठेक्याचे एकेक बोल कापून निरनिराळ्या पॅडांवर वाटून दिले, तेव्हा लय जमली, धुमेचा घुमारा मात्र दर खेपेस कात्रीने तोडल्यासारखा तुटत राहिला, आणि त्यावर माझ्यापाशी इलाज नव्हता.

दुसरी फटफजिती चारचौघांत झाली. पडद्यावर लयीच्या आकड्याशेजारी कंसात तीन अक्षरे असतात. ती ‘सिक्वेन्स’ची असतील तर प्रत्येक तुकडा स्वतःच्या लयीने चालतो, जणू दर गावास निराळा वतनदार; ‘मास्टर’ची असतील तर सर्वांवर एकच अंमल. मी ती अक्षरे कधी वाचलीच नव्हती. ऐनवेळी जोडलेल्या एका तुकड्यावर यंत्राची मूळची १२० ची लय राहून गेली होती, आणि गणेशोत्सवाच्या मंडपात अंतरा सुरू होताच ठेका ९२ वरून थेट १२० वर उधळला. गायिकेने तिहाई घेऊन प्रसंग सावरला, हा तिचा मोठेपणा.

हात ज्यांचा जड आहे त्यांनी पॅड संथ लयीत वाजवून मागाहून लय वाढवावी, असा एक सल्ला देतात; त्यात तथ्य आहे, पण तो बिनशर्त घेऊ नये. चाट ७२ च्या लयीत तीस मिलिसेकंद मागे रेंगाळली, तर ९६ वर ते रेंगाळणे साडेबावीसच उरते, म्हणजे ठेक्यातली लोच त्या प्रमाणात आटते. शिवाय हे यंत्र एका मात्रेचे ९६ भाग मोजते. लय जितकी संथ, तितका प्रत्येक भाग मोठा, आणि हाताची बारकाई नोंदण्यास ती पट्टी तितकीच जाडी. ‘टायमिंग करेक्ट’ लावून ठेवले असेल, तर उरलीसुरली लोचही यंत्र सरळ करून टाकते. अमेरिकेतील हिप-हॉपवाल्या जे डिलाने ही दुरुस्ती बंद ठेवून हाताने वाजवलेल्या ठेक्यांवर कीर्ती मिळवली. त्याचे एमपीसी आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. आम्ही मात्र त्याचे नाव घेऊन आपला अजागळपणा खपवू नये.

ज्यांच्यापाशी अशी जुनी यंत्रे आहेत, त्यांस एवढीच विनंती की वादक घरात असतानाच गणित करावे, आणि फ्लॉपीवर नावासोबत मात्रा व लय शाईने लिहून ठेवावी. माझ्या ट्रंकेत अशा कित्येक फ्लॉप्या पडून आहेत, ज्यांवर नुसते ‘ढोलकी’ असे लिहिले आहे.