आजच्या गुडघ्यांना साजेशी सायकल

नगरच्या ज्या पिढीने लहानपणी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारलं आणि पुढे कॉलेजही सायकलवरच केलं, ती आता साठीच्या उंबऱ्यावर आहे. तिच्यातले अनेक जण तपासणी झाली की विचारतात, ‘डॉक्टर, पुन्हा सायकल सुरू करू का? आणि घ्यायची तर कोणती?’

सुरू जरूर करा. सायकलवर अंगाचं बरंचसं वजन सीट पेलते, त्यामुळे गुडघ्याची झीज सुरू झालेल्यांनाही ती सहसा सोसते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली की तो होतो.

आता निवड. आपली टांग मारण्याची जुनी पद्धत आठवा. डावा पाय पायडलवर, उजव्याने दोन-तीनदा जमीन ढकलायची आणि चालत्या सायकलवर कॅरिअरच्या वरून पाय पलीकडे टाकायचा. एका पायावरचा तोल, खुब्याची लवचिकता आणि हातांची पकड, तिन्ही एकाच क्षणी लागतात. वीस-तीस वर्षांच्या खंडानंतर ही सांगड बसत नाही. म्हणूनच पुन्हा सायकल सुरू करणारे अनेकदा चढता-उतरताना पडतात, आणि या वयात कुशीवर पडणं म्हणजे खुब्याच्या हाडाशी गाठ. म्हणून माझा आग्रह आहे: दांडी खाली झुकलेली सायकल घ्या. दुकानदार तिला लेडीज सायकल म्हणतो आणि तेवढ्यावरून पुरुष मागे सरतात. नेदरलँड्समध्ये आजोबामंडळी बिनदिक्कत अशाच सायकलींवर फिरतात. साडी नेसणाऱ्यांनाही तीच सोयीची. सरळ दांडीचीच हवी असेल, तर दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवून उभे राहा. दांडी आणि जांघ यांत दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे.

मुलं प्रेमाने जाड टायरची, पुढे-मागे शॉकअपवाली सायकल आणून देतात. ती जड असते आणि तुमचा बराच जोर तिच्या स्प्रिंगमध्येच जिरतो. सावेडी, भिंगार किंवा केडगावच्या रस्त्यांना 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि सरळ हँडल असलेली हायब्रिड पुरते. वाकड्या हँडलची रेसिंग सायकल मानेच्या स्पाँडिलोसिसवाल्यांनी घेऊच नये. वाकून बसायचं आणि समोर बघायला मान उचलायची, हा ताण त्यांना झेपत नाही. गिअर मात्र हवेत. शहर सपाट वाटलं तरी कधीतरी चांदबिबी महालाचा चढ खुणावणारच! हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवले की गुडघ्यावर भार कमी येतो. जड गिअर रेटण्यात मर्दुमकी नाही.

एवढं करूनही सीट चुकली तर सगळं फुकट. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या: पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. पुन्हा सुरू करणारे भीतीपोटी सीट खाली ठेवतात आणि महिनाभरात वाटीच्या मागे दुखतं म्हणून येतात. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या लवणीत दुखलं तर बहुधा वर. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर झालं, तर तळहातावर भार जास्त पडतोय. हँडल थोडं वर घ्या. जांघेत मुंग्या आल्या तर सीटचं टोक वर उचललेलं नाही ना, ते पाहा. फार मऊ गादी उलट रुतते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर उपाशीपोटी निघू नका, खिशात साखर ठेवा. रक्तदाब, हृदयविकार असेल तर आधी तपासणी करून घ्या. चालवताना धड बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम आला तर तिथेच थांबा आणि 108 ला फोन करा. घरापर्यंत जाऊ, हा विचार नको.

सायकलने हाडांवर चालण्याइतका भार पडत नाही, त्यामुळे पाळी गेलेल्या बायकांनी चालणं सोडू नये.

राहुरी, नेवासा, श्रीरामपूरकडच्या वाचकांना एक सांगतो. ऊस सुरू झाला की पहाटे रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि कित्येकांच्या मागे दिवा नसतो. हंगाम संपेपर्यंत पुरतं उजाडल्यावरच बाहेर पडा आणि सायकलच्या मागे लाल दिवा लावा.