लिंक रॉडचा अडलेला नट

पावसाळा सरला की लालबाग-परळपासून गिरगावपर्यंतच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून हळू जाताना पुढच्या चाकापाशी खट-खट वाजते, सपाट रस्त्यावर वेगात गाडी गप्प. पुष्कळदा दोष निघतो तो स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडमध्ये. भाग लहान, किंमत बेताची, काम कागदावर अर्ध्या तासाचे. परंतु नट गंजून बसला असेल तर तोच लिंक रॉड अर्धा दिवस खातो, आणि टॅक्सीवाल्याची अर्ध्या दिवसाची कमाई जाते ती वेगळीच. आपल्या समाजातील बरीच मुले या लाइनमध्ये आहेत, म्हणून या कामाविषयी सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम हा भाग करतो काय ते पाहू. स्टॅबिलायझर बार म्हणजे गाडीच्या आडव्या रुंदीत बसवलेली स्प्रिंगच्या पोलादाची कांब. ती रबरी बुशांत धरलेली असते व तिची दोन्ही टोके लिंक रॉडने दोन्ही बाजूंच्या शॉकअॅबसॉर्बरला (काही गाड्यांत खालच्या आर्मला) जोडलेली असतात. वळणावर गाडी एका बाजूला कलू लागली की कांब पिळली जाते आणि कलणे रोखते. स्विफ्ट, डिझायर यांसारख्या गाड्यांत लिंकच्या दोन्ही टोकांना लहान बॉल जॉइंट असतात. जुन्या मारुती 800 मध्ये मात्र अशी वेगळी लिंक नव्हती. बारची टोके सरळ खालच्या आर्ममध्येच जात. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या उस्तादांना नव्या गाड्यांतला हा नट म्हणूनच जरा चमत्कारिक वाटतो.

चमत्कारिक अशासाठी की नट फिरवला तर त्याच्यासोबत आतला स्टडही फिरतो. बॉल नवा असताना आपल्या कोशात घट्ट बसलेला असतो, त्यामुळे स्टड थोडाफार धरून राहतो. बॉल झिजला की त्याची पकड जाते. म्हणजे लिंक जितकी निकामी, तितका नट काढणे कठीण. त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल. नटाबाहेर आलेल्या आट्यांवर गंजाचा थर चढतो व नट तिथेच अडतो.

कामाची सुरुवात जॅकपासूनच चुकते. एकच चाक उचलले तर बार पिळलेला राहतो, लिंकवर ताण येतो व स्टड भोकात आवळला जातो. दोन्ही पुढची चाके सारखी उचलावीत आणि गाडी स्टॅण्डवर ठेवावी. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मग शागीर्द कितीही घाईत असो.

मग तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत. हे पाच मिनिटांचे काम टाळणारे पुढे तासभर घाम गाळतात. गंज सोडवणारे तेल मारून गाडी थोडा वेळ तशीच सोडावी, तोवर दुसरे काम करावे. स्टडच्या टोकाला एलन कीसाठी सहा कोनी खाच असते. तिच्यात माती भरलेली असते. ती खिळ्याने किंवा टोचणीने पूर्ण काढावी आणि की हातोडीने हलके ठोकून तळापर्यंत बसवावी. अर्धवट बसलेली की खाचेचे कोन खाते, आणि तिथून खरे संकट सुरू होते. आता एका हाताने की धरावी आणि दुसऱ्याने रिंग पाना फिरवावा. नट आधी किंचित घट्ट करून पाहावा, गंजाची पकड मोडते. मग सैल करावा. थोडे सैल, थोडे परत, पुन्हा तेल, असे करत बाहेर काढावा. हवेची गन असेल तर तिच्या झटक्यांनी पुष्कळदा स्टड फिरण्याआधीच नट निघतो.

खाच गेलीच, तर रबरी बूट कापून बॉलच्या मागे स्टडला व्हाइस ग्रिप लावावी. लिंक टाकायचीच आहे, तेव्हा बूट गेल्याचे दुःख नको. तेही जमले नाही तर कापणे आले. बॉल आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या जागेत हॅक्सॉची पाती घालून स्टड कापावा, किंवा नटाच्या एका सपाट बाजूवर ग्राइंडरने चीर पाडून छिन्नीने तो फोडावा. या वेळी ब्रॅकेटला धार लागू देऊ नये. तो शॉकअॅबसॉर्बरचाच भाग असतो, आणि तो बिघडला तर गिऱ्हाइकाला कितीतरी पट खर्च येतो. ब्रेकचा रबरी पाइप व एबीएसची वायर पत्र्याने झाकावी. गॅसच्या ज्योतीने नट तापवणे ही जुनी युक्ती परिणामकारक खरी, पण मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सी पुष्कळ. अशा गाडीखाली ज्योत नेणे आम्हाला मुळीच पसंत नाही.

नवी लिंक घेताना जुनी सोबत नेऊन लांबी व स्टडचा कोन ताडून पाहावा. ऑपेरा हाऊस, ग्रँट रोडच्या स्पेअर पार्ट्स बाजारात एकाच गाडीसाठी अनेक मेकचा माल मिळतो. स्वस्त मालात बूट पातळ असतो आणि बूट फाटला की आत पाणी शिरलेच. लिंक जोडीने बदलाव्यात. नट नेहमी नवा वापरावा, कारण सेल्फ-लॉक नटाची पकड एकदा उघडल्यावर कमी होते. तो कंपनीच्या पुस्तकातील मापानेच आवळावा आणि बाहेरच्या आट्यांवर ग्रीस लावावे. पुढच्या खेपेस ही गाडी बहुधा तुमच्याकडेच येणार आहे.

मजुरीविषयी थोडे. गाडी पाहण्याआधी फोनवर दर सांगू नये. नट पाहावा, गिऱ्हाइकालाही दाखवावा, आणि सरळ निघाला तर अमुक, कापावा लागला तर तमुक, असे दोन आकडे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत. नंतर वाढवलेल्या मजुरीवरून होणारी हुज्जत गिऱ्हाईक तोडते. मात्र आवाज लिंकचाच आहे याची आधी खात्री हवी. गाडी जमिनीवर असताना एकाने ती हलवावी, दुसऱ्याने लिंकवर हात ठेवावा. खटका बोटांना जाणवतो. न जाणवल्यास बारचे बुश, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट व शॉकअॅबसॉर्बरचे वरचे माउंटिंग तपासावे, आणि तोपर्यंत लिंकच्या नटाला पाना लावू नये.