व्हिडिओत आपण कशा दिसतो?



पापड, कुरडया, मसाल्याचे व्हिडिओ आता आपले गट व्हॉट्सअॅपवर टाकतात. पण त्यात माल नीट दिसतो का? आणि तो बनवणारी बाई दिसते का? आज तेवढंच शिकू.

आधी माझी चूक सांगते. समाजकार्य शिकताना आम्हाला व्हिडिओचा प्रकल्प होता. मी एका बचत गटाची बैठक टिपली. बायका सतरंजीवर बसलेल्या, मी उभी. व्हिडिओ दाखवला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "पोरी, आम्ही काही मागायला बसल्यासारख्या दिसतोय गं." खरं तर त्या बैठकीत मावशी वर्षाचा हिशोब तोंडपाठ सांगत होत्या. माझ्या व्हिडिओत दिसला तो फक्त डोक्यावरचा पदर. मला लाज वाटली. दुसऱ्यांदा मी सतरंजीवर बसून टिपलं. हिशोब तोच, मावशी त्याच, पण आता त्या गटाच्या अध्यक्ष वाटत होत्या.

म्हणून या पाच गोष्टी लक्षात ठेवा.

१. मोबाईल समोरच्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ती बसली असेल तर तुम्हीही बसा.

२. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' सुरू करा. पडद्यावर नऊ घरं दिसतील. बोलणारीचे डोळे वरच्या आडव्या रेषेवर आणि ती स्वतः एका उभ्या रेषेवर घ्या. ती ज्या बाजूला बघते, तिकडे जागा मोकळी सोडा.

३. उजेड चेहऱ्यावर हवा. दार पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो. तिला दाराकडे तोंड करून बसवा.

४. मागे काय आहे ते बघा. वाळत घातलेले कपडे, रिकामी पोती बाजूला करा. मालाची बरणी किंवा गटाचा फलक दिसू द्या.

५. एकच काम लांबून, मधून आणि जवळून टिपा. प्रत्येक वेळी दहा सेकंद हात हलवू नका. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना टिपला होता. कॅमेरा एका जागी ठेवून थोडं थोडं टिपत गेले, म्हणून रोपाची वाढ दिसली.

"आम्हाला कुठं जमतंय?" असं म्हणू नका. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेत १९८४ साली व्हिडिओचं काम सुरू झालं. भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही त्यात कॅमेरा चालवायला शिकल्या. तेव्हाचे कॅमेरे जड होते, आपला तर कमरेच्या पिशवीत मावतो.

एक मात्र पाळा. जिचा व्हिडिओ काढाल तिला आधी विचारा, आणि पुढे पाठवण्याआधी तिलाच दाखवा. नको म्हणाली तर पुसून टाका.

लोणीच्या पुढच्या बैठकीसाठी घरचा अभ्यास: बाजरीची भाकरी. लांबून चूल आणि करणारी, मधून परातीत थापणारे हात, जवळून तव्यावर फुगणारी भाकरी. जोडीजोडीने करा. एकीने भाकरी करायची, दुसरीने टिपायचं, मग अदलाबदल. बैठकीत सगळ्या मिळून बघू आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारू: यात तू तुला तुझ्यासारखी दिसतेस का?

तुमची,
क्षेत्र समन्वयक