खोकताना लघवी सुटणे आणि शस्त्रक्रिया

मोळी उचलताना, खोकताना लघवी सुटते, हे सभासदांच्या घरातल्या बाया नवऱ्यालाही सांगत नाहीत. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडून मूत्रनळीचा आधार जातो. गर्भपिशवी काढून तो परत येत नाही! बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले, म्हणून आम्ही हे मुद्दाम लिहितो.

आधी तीन महिने, लघवी रोखताना आवळतो तसे ते स्नायू आवळण्याचा व्यायाम करावा. तेवढ्याने भागले नाही, तर मूत्रनळीखाली आधाराची पट्टी बसवतात. कृत्रिम जाळीची, नाहीतर स्वतःच्याच पोटाच्या स्नायूंवरील पडद्याची. जाळी क्वचित आत टोचते, तेव्हा दोन्हींबद्दल आधी विचारावे. आणखी मूल हवे असेल तर थांबावे. मुकुंदवाडीकरांना शहरातच घाटी आहे. तिथे स्त्रीरोग विभागात दाखवावे.