पापण्यांचे आरोग्य : रेंगाळणाऱ्या त्रासाची कारणे व काळजी

नेत्रविकार म्हटले की मोतीबिंदू व काचबिंदू यांचे स्मरण प्रथम होते; पापण्यांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. पापण्यांना खाज सुटणे, कडा लाल होऊन आग होणे, सकाळी पापण्या चिकटणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे या तक्रारी अनेक रुग्ण महिनोन्‌महिने अंगावर काढतात. हा त्रास पुन्हा पुन्हा का उद्भवतो, हे रुग्ण व नातेवाईक यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पापणीची रचना

प्रत्येक पापणीच्या आत सूक्ष्म तैलग्रंथींची रांग असते व त्यांची तोंडे कडेवर उघडतात. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी लवताना त्यांतील तेल अश्रूंवर पसरते व अश्रू लवकर सुकत नाहीत.

त्रासाची कारणे

हे तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजली, की अश्रू लवकर सुकतात व डोळे चुरचुरतात. कोरड्या डोळ्यांतून अनेकदा पाणीही वाहते, ते यामुळेच. तेल साचून पापणीत गाठ येते. जंतुसंसर्गाने रांजणवाडी होते. पापण्यांच्या कडांच्या दीर्घकालीन दाहास ब्लेफरायटिस म्हणतात. जिवाणू, डोक्यातील कोंडा व पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म परजीवी ही त्याची प्रमुख कारणे होत. सौंदर्यप्रसाधनांची वा डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची ॲलर्जी, तसेच संगणकापुढे पापण्या कमी वेळा लवणे, यांनीही त्रास वाढतो.

खुपऱ्यांचा रोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. तथापि बालपणी तो झालेल्या वृद्धांत पापणी आत वळून केस बुबुळावर घासतात. असे केस उपटल्याने तात्पुरताच आराम मिळतो. कित्येकांना शस्त्रक्रिया आवश्यक ठरते.

नित्याची काळजी

कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाने मिटलेल्या डोळ्यांना पाच ते दहा मिनिटे शेक द्यावा. नंतर पापणी कडेच्या दिशेने हलकेच चोळून कडा ओल्या कापसाने पुसाव्यात. हा विकार बहुधा समूळ जात नाही, परंतु दात घासण्यासारख्या नित्यक्रमाने आटोक्यात राहतो. वृद्धांचे हात थरथरत असल्यास नातेवाइकांनी हे काम करावे.

केव्हा सावध व्हावे ?

स्टिरॉइडयुक्त थेंबांनी लाली लगेच ओसरते; परंतु वैद्यकीय देखरेखीशिवाय ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो व गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येणे, एकाच पापणीचा दाह न हटणे वा तिचे केस गळणे, ही क्वचित तैलग्रंथींच्या कर्करोगाची लक्षणे असतात. पापणीच्या कर्करोगांत या प्रकाराचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आहे. अशा गाठीचा तुकडा तपासून घेण्यात दिरंगाई करू नये.

पापण्यांची प्राथमिक तपासणी काही मिनिटांची व वेदनारहित असते. वेळीच केलेल्या तपासणीने दृष्टी, आणि प्रसंगी प्राणही, वाचू शकतात.