आधी वापरणारा बघा, मग इनहेरिट करा

तळोजा एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी साठ्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. पायथॉनमधला साधाच प्रोग्राम. ‘टाकी’ नावाचा क्लास, त्यात टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ, सेन्सरवरून येणारी पातळी आणि ‘साठा’ ही मेथड. दोन्हींचा गुणाकार करून ती किती लिटर माल आहे ते सांगायची. पुढे सांडपाण्याच्या टाकीवरही सेन्सर बसला. लिटरचा हिशोब तोच, म्हणून तिचा क्लास ‘टाकी’वरून इनहेरिट झाला. चार ओळींत काम भागलं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सांडपाण्याची टाकी हीसुद्धा टाकीच की!

महिनाअखेरीचा रिपोर्ट सगळ्या टाक्यांचा साठा जमा करायचा. त्यात सांडपाणीही मिळवलं गेलं आणि कागदावर कच्चा माल फुगला. उपाय म्हणून चाइल्ड क्लासमध्ये ‘साठा’ ओव्हरराइड करून शून्य परत करायला लावलं. रिपोर्ट सुधारला. पण टाकी भरत आली की वाजणारा अलार्मही त्याच मेथडला विचारत होता, आणि त्याला आता कायम शून्यच दिसू लागलं. ऐन पावसाळ्यात टाकी काठाला आली तरी अलार्म गप्प. फेरीवरच्या ऑपरेटरने काचनळीतली पातळी पाहून पंप बंद केला म्हणून निभावलं. प्रोग्रामने एकही एरर दिली नव्हती.

तळोज्यात सांडपाण्याची टाकी वाहणं ही गोष्ट किरकोळ नाही. इथल्या कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात पाठवावं लागतं, आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे.

पेंधरहून मेट्रो पकडून खारघर-बेलापूरला प्रोग्रामिंग शिकायला जाणारी मुलं भेटली की मी हे आवर्जून सांगतो. त्यांना इनहेरिटन्स शिकवतात ते प्राणी, कुत्रा, मांजर यांवर. उदाहरण चुकीचं नाही, पण त्यात त्या प्राण्यांना वापरणारं कुणीच नसतं. कुत्रा भुंकतो आणि प्रोग्राम संपतो. प्रत्यक्ष कामात पॅरेंट क्लासवर विसंबलेला रिपोर्ट असतो, अलार्म असतो, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोड असतो. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागताना जमिनीवरचा बोजा जसा सुटत नाही, तशी पॅरेंटने इतरांना दिलेली सगळी आश्वासनं चाइल्डच्या अंगावर येतात.

नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी 1967 च्या सिम्युला भाषेत इनहेरिटन्सची सोय आणली. तिची मर्यादा बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये नेमकी मांडली: पॅरेंटच्या जागी चाइल्डचा ऑब्जेक्ट ठेवला, तरी वापरणाऱ्या कोडचं वागणं बिघडता कामा नये. भलेभलेही इथे चुकले आहेत. जावातला ‘स्टॅक’ हा ‘व्हेक्टर’वरून इनहेरिट केलेला आहे, त्यामुळे ज्यात फक्त वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, त्यात मध्येही घुसवता येतं.

तेव्हा नुसता तयार कोड हवा म्हणून इनहेरिट करू नका. आम्ही शेवटी लिटरचा हिशोब ‘पातळीमापक’ नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये काढला. मालाच्या टाकीने आपल्या पोटात एक पातळीमापक ठेवला, सांडपाण्याच्या टाकीने दुसरा, आणि दोघींचं नातं तोडलं. अलार्म आता पातळीमापकाला विचारतो, रिपोर्ट मालाच्या टाकीला. याला कंपोझिशन म्हणतात. थोडं जास्त टाइप करावं लागतं, ते करा.

इनहेरिट करणं खरोखर योग्य असेल, तर पॅरेंटसाठी लिहिलेल्या सगळ्या टेस्ट चाइल्डवर जशाच्या तशा चालवून बघा. एखादी टेस्ट बदलावीशी वाटली, तर तिथेच थांबून नातं तपासा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. पायथॉनमध्ये चाइल्डला स्वतःचा ‘इनिट’ लिहिलात, तर ‘सुपर’मार्फत पॅरेंटचा ‘इनिट’ तुम्हालाच बोलवावा लागतो. नाहीतर पॅरेंटची व्हेरिएबल्स तयारच होत नाहीत आणि एरर भलत्याच ओळीवर येते. दुसरं, ओव्हरराइड करताना मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं, तर मुकाट्याने नवीच मेथड तयार होते आणि जुनीच चालत राहते. जावात ‘ओव्हरराइड’ ही खूण मेथडवर लिहिली की कंपायलर ही चूक पकडतो. पायथॉनमध्ये तशी खूण 3.12 पासून आहे, पण ती तपासायला टाइप-चेकर वेगळा चालवावा लागतो.